द्राक्षरसाची आम्लता (अनुमापनाने)

द्राक्षरसातील उदासीन करता येणारी एकूण आम्ले मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. अनुमापन म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे आम्लारी थेंबथेंब घालून आम्ल संपवायला किती लागले ते मोजणे. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या बागांत गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून मोजणारे उपकरण) ब्रिक्स या एककात पाहतात. तो आकडा प्रामुख्याने साखरेचा असतो, आंबटपणा त्यातून कळत नाही. पीएचवरूनही एकूण आम्ल काढता येत नाही, कारण रसातील पोटॅशियममुळे पीएच वर सरकतो.

द्राक्षात मुख्य आम्ले दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून गोड होऊ लागेपर्यंत, दोन्ही साठतात. त्यानंतर मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरू लागतो आणि ऊन जितके जास्त तितके ते लवकर संपते. टार्टारिक आम्ल या चक्रात फारसे खर्च होत नाही. म्हणूनच थंडीत तोडलेला माल आणि मार्चच्या उन्हातला माल, ब्रिक्स सारखा असूनही, जिभेला वेगळे लागतात.

घडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मणी घेऊन रस काढावा व मलमलीतून गाळावा. १० मिली रस पिपेटने शंकुपात्रात घेऊन त्यात सुमारे ५० मिली उकळून गार केलेले ऊर्ध्वपातित पाणी घालावे. पाणी थोडे कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही, आम्लाचे मोल तेवढेच राहतात. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) २-३ थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल (लिटरमागे ०.१ तुल्यभार) सोडियम हायड्रॉक्साइड सोडावे. फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की थांबावे. नंतर ती विरते ती हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे. तिच्यामागे लागून आणखी थेंब टाकू नयेत.

टार्टारिक आम्लाचा रेणुभार १५० आणि ते द्विप्रोटिक (एक रेणू दोन प्रोटॉन देतो), म्हणून तुल्यभार १५० ÷ २ = ७५. रस १० मिली घेतला, म्हणून गुणक ७५ ÷ १० = ७.५. त्यामुळे

आम्लता (ग्रॅम प्रति लिटर) = ब्युरेटचे मिली × नॉर्मलता × ७.५

८.४ मिली लागले तर ८.४ × ०.१ × ७.५ = ६.३. रसात मॅलिक असले तरी उत्तर ‘टार्टारिक आम्लाच्या स्वरूपात’ लिहितात. ही केवळ रूढ पद्धत आहे.

दर्शक बदलून चालत नाही. दुर्बल आम्ल व तीव्र आम्लारी यांचा समतुल्य बिंदू (आम्ल नेमके संपते तो टप्पा) पीएच ७ च्या वर, ८ च्या आसपास येतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ दरम्यान रंग बदलते आणि रसाचा मूळ पीएचच बहुधा ३ ते ४ असतो, म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच रंग पालटू लागलेला. काळ्या द्राक्षांत फिनॉल्फ्थॅलिनही फसवते: सालीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल, तर आम्लारीत निळसर-हिरवे होते आणि गुलाबी छटा त्यात हरवते. तिथे पीएच मीटर लावून ८.२ वर थांबावे.

चुका बहुतेक द्रावणात होतात, गणितात नव्हे. सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. ४ ग्रॅम तोलून लिटरभर केलेले द्रावण ०.१ नॉर्मल असेलच असे नाही. ते कमजोर असेल तर जास्त मिली लागतात आणि रस आहे त्याहून आंबट ठरतो. म्हणून ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाने (१०० मिलीत ०.६३ ग्रॅम, स्फटिकजलासह) त्याची खरी नॉर्मलता आधी काढावी.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या रसाची चूक मात्र उलट दिशेची. गारव्याने पोटॅशियम बायटार्ट्रेटचे (टार्टारिक आम्लाचा आम्लधर्मी क्षार) स्फटिक तळाशी बसतात आणि वरचा रस कमी आंबट निघतो. असा रस कोमट करून, स्फटिक पूर्ण विरघळल्यावर, खोलीच्या तापमानाला आणूनच पिपेट बुडवावी.