लिव्हरची गाठ, दोन मोटरी आणि एक मेसेज

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवा मेसेज पडला: 'लिव्हरचा कॅन्सर औषधाविना गायब! रोज गुळवेलीचा काढा.' यातलं पहिलं वाक्य खरं असू शकतं. घोळ दुसऱ्यात आहे.

उपचाराविना गाठ विरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, पण फारच थोड्या. एव्हरसन आणि कोल या सर्जननी 1966 मध्ये, सगळ्या प्रकारचे कॅन्सर धरून, साठेक वर्षांतली जेमतेम 176 प्रकरणं ग्राह्य मानली. लिव्हरच्या कॅन्सरमध्येही असे रुग्ण आढळलेत, आणि तिथं एक कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडं उसाला नदीवरच्या उपशाचं पाणी असतं, शिवाय बांधावर विहीर. एक मोटर जळली तरी ऊस तगतो. लिव्हरचंही तसंच. त्याला सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. गाठ मात्र आपले नवे पाट जवळजवळ सगळे धमनीवरूनच काढते. म्हणून तर सीटी स्कॅनला डाय टोचली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाठ आधी उजळते. मग पोर्टल शिरेतून डाय येऊन बाकीचं लिव्हर उजळतं, तेव्हा तीच गाठ फिकी दिसते. आता गाठीच्या धमनीत गुठळी अडकली, किंवा जठरातून मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर लिव्हर दुसऱ्या मोटरीवर चालतं आणि गाठ तहानेनं मरते. कधी गाठच इतकी भराभर वाढते की तिचे पाट तिला पुरत नाहीत. डॉक्टर हेच मुद्दाम घडवतात: जांघेतल्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन, औषध आणि धमनी बुजवणारे कण आत सोडून गाठीचं दारं बंद करतात. त्याला 'टेस' म्हणतात.

दुसरा संशय प्रतिकारशक्तीवर आहे. काही रुग्णांत मोठ्या तापानंतर गाठ आक्रसली आणि रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं प्रथिन, उतरलं. पण विरलेली गाठ काहींत परतही येते, त्यामुळं स्कॅन सुटत नाहीत.

राहिली गुळवेल. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरलाच इजा झाली होती.

मेसेज टाकणाऱ्या काकांना हे सगळं सांगितलं. "मग काढा बंद करू काय?"

"करा. आणि उद्या एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी, करून या," म्हटलं.