पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं?

न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर सरळ हवाई मार्गाने सुमारे 5,540 किलोमीटर. जाताना आणि येताना तेवढंच. तरी लंडनला पोहोचायला साधारण साडेसहा-सात तास लागतात आणि परतताना तासभर जास्त. यावर ठरलेलं उत्तर असतं: पृथ्वी खालून फिरते ना, त्याचा परिणाम!

हे खरं नाही. मुळात पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. खालची जमीन विमानाला सोडून पुढे सरकत असती, तर पूर्वेकडचं लंडन लांब पळालं असतं आणि न्यूयॉर्क आपणहून जवळ आलं असतं. घडतं नेमकं उलट. कारण धावपट्टी, विमान आणि भोवतालची हवा, सगळं पृथ्वीसोबतच फिरत असतं.

फरक पाडतो तो वारा. अटलांटिकवर साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. (तो पूर्वेकडे वळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं मात्र मान्य.) फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 या वाऱ्यावर स्वार होऊन 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला, पण ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडली नाही. ती भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात, आणि इथे हवाच सोबत धावत होती.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी तर करूच नका. लंडनहून सकाळी 11 ला निघून न्यूयॉर्कला दुपारी 2 ला पोहोचलात, तर प्रवास तीन तासांचा नव्हे, आठ तासांचा झाला; न्यूयॉर्कची घड्याळं लंडनच्या पाच तास मागे आहेत.