उलटलेला हिवताप आणि उरलेला हिवताप

पुण्याजवळच्या वाघोली किंवा हिंजवडीच्या बाजूला, जिथे दहा-बारा मजली इमारतींचे सांगाडे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात, अशा वस्तीवर ताप सर्वेक्षणासाठी जाणाऱ्या आरोग्य सेविकेला एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, दीड महिन्यामागे मलेरिया झाला होता, गोळ्या घेतल्या, बरा झालो, आता परत उलटला." मराठीत 'ताप उलटणे' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की ऐकणाऱ्याला त्यात विचारण्याजोगे काही उरलेच नाही असे वाटते. वस्तुतः या एका क्रियापदाखाली दोन अगदी वेगळ्या घटना दडलेल्या असतात, त्यांची कारणे वेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात. या लेखापुरते त्यांना 'उलटलेला' आणि 'उरलेला' हिवताप असे म्हणू.

उलटलेला हिवताप यकृतातून येतो, तर उरलेला हिवताप रक्तातूनच पुन्हा डोके वर काढतो.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन जातींचा हिवताप आढळतो, प्लाझमोडियम व्हायवॅक्सचा आणि प्लाझमोडियम फॅल्सिपेरमचा; कर्मचाऱ्यांच्या बोलीत पीव्ही आणि पीएफ. ॲनोफिलिस डासाची मादी चावली की दोन्ही जातींचे परजीवी प्रथम यकृतात जातात, तेथे वाढतात आणि मग रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी पाहिला तो १८९७ मध्ये. परंतु माणसाच्या शरीरात तो आधी यकृतात मुक्काम करतो हे शॉर्ट आणि गार्नहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून देण्यास १९४८ साल उजाडावे लागले. त्या मधल्या पन्नास वर्षांत, डास नसलेल्या थंडीतही काही रुग्णांना पुन्हा ताप का येतो, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हते.

ते उत्तर व्हायवॅक्सच्या एका खोडीत आहे. त्याचे काही परजीवी यकृतातून लगेच बाहेर पडत नाहीत. ते तेथेच सुप्तावस्थेत राहतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. क्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाने रक्तातील परजीवी मरतात, ताप उतरतो, रुग्ण कामावर जातो, आणि यकृतातील हे सुप्त परजीवी मात्र जसेच्या तसे राहतात. काही आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी, त्यांतले काही जागे होऊन रक्तात उतरतात आणि नवा डास न चावताही ताप येतो. येथे औषध हरले असे म्हणता येत नाही, कारण रक्तातील परजीवी मारण्याचे आपले काम क्लोरोक्विनने चोख केलेले असते. यकृतात त्याचा इलाज चालत नाही एवढेच.

फॅल्सिपेरमचे सुप्त रूप नसते. त्याचा ताप पूर्ण बरा झाल्यासारखा वाटून काही दिवसांनी परत आला, तर बहुधा रक्तातच काही परजीवी जिवंत राहिले होते असे समजावे. गोळ्या अर्धवट घेतल्या, घेतल्यावर उलटी झाली आणि मात्रा पुन्हा दिली गेली नाही, वजनाच्या मानाने मात्रा कमी पडली, किंवा परजीवी त्या औषधाला दाद देईनासा झाला, यांपैकी काहीही घडलेले असू शकते. उरलेल्या परजीवींची संख्या आधी इतकी थोडी असते की ताप येत नाही आणि काचपट्टीवरही ते दिसत नाहीत. मग ते वाढत जातात. म्हणून उरलेला हिवताप साधारणपणे पहिल्या महिन्यातच दिसतो, आणि औषधाची परिणामकारकता तपासताना रुग्णाचा किमान २८ दिवस पाठपुरावा करतात तो याच कारणाने.

हा फरक केवळ पुस्तकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी प्रायमाक्विनच्या गोळीकडे पाहावे. प्रशिक्षणात सर्वाधिक गोंधळ याच गोळीवरून होतो, आणि माझ्या मते तो गोंधळ कर्मचाऱ्यांच्या विसराळूपणाचा नसून शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. भिंतीवरच्या तक्त्यात पीव्हीसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस आणि पीएफसाठी प्रायमाक्विन एकच दिवस, असे दोन रकाने असतात. गोळी तीच, रंग तोच. मग एकाला चौदा दिवस आणि दुसऱ्याला एकच दिवस का, हे तक्ता सांगत नाही, आणि कारण न कळलेली गोष्ट पाठ केली तरी आठवड्यात विसरते.

कारण असे आहे. व्हायवॅक्सच्या रुग्णात प्रायमाक्विनने यकृतातील सुप्त परजीवी मारायचे असतात. त्यासाठी मात्रा लहान पण सलग लागते : राष्ट्रीय उपचार पद्धतीप्रमाणे दररोज दर किलो वजनामागे ०.२५ मिलीग्रॅम, म्हणजे प्रौढाला रोज १५ मिलीग्रॅम, चौदा दिवस. साडेसात मिलीग्रॅमच्या गोळ्या असतील तर रोज दोन, एकूण अठ्ठावीस. हिवताप नियंत्रण कार्यक्रमाच्या भाषेत यालाच समूळ उपचार म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे, कारण मूळ यकृतात असते. फॅल्सिपेरमच्या रुग्णात यकृतात मारायला काहीच शिल्लक नसते. रक्तातील आजार तीन दिवसांच्या एसीटीने, म्हणजे आर्टिमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचाराने बरा होतो. मात्र डासात जाऊन पुढची पिढी वाढवणारी परजीवीची प्रौढ लैंगिक रूपे, सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी वाकडी दिसणारी, त्या औषधांनी पुरेशी मरत नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी दर किलोमागे ०.७५ मिलीग्रॅमची एकच मात्रा, म्हणजे प्रौढाला ४५ मिलीग्रॅम, सहा गोळ्या एकदम. ही मात्रा रुग्णाला बरे करण्यासाठी नसते, तर त्याच्यापासून डासाला आणि डासापासून शेजाऱ्याला होणारी लागण थांबवण्यासाठी असते.

इतके समजले की चुकांचे परिणामही आपोआप समजतात. पीव्हीच्या रुग्णाला चुकून एकच दिवसाची मात्रा दिली, तर यकृतातील परजीवी तगून राहतात आणि ताप उलटू शकतो. पीएफच्या रुग्णाला चौदा दिवस दिले, तर त्याला काही लाभ नसताना तेरा दिवस जास्तीचे औषध पोटात जाते. आणि दोन्ही जाती एकत्र असतील, तर एसीटीसोबत प्रायमाक्विन चौदा दिवसच द्यावे लागते, कारण व्हायवॅक्सचा वाटा यकृतात असतोच. हा मिश्र संसर्ग पहिल्या तपासणीत सुटला तर एक फसवे चित्र तयार होते : आधी पीएफ, महिन्या-दीड महिन्याने पीव्ही. अनेकदा तो पीएफचा 'उरलेला' ताप समजला जातो. प्रत्यक्षात पीएफ बरा झालेला असतो आणि मागे लपलेला व्हायवॅक्स यकृतातून उलटलेला असतो. म्हणून परत आलेल्या प्रत्येक तापात परजीवीची जात नव्याने तपासली पाहिजे; जुन्या कागदावरची जात उतरवून घेणे हा उपचार नव्हे.

ही तपासणी कशाने करायची, हाही प्रश्न आहेच. वस्तीवर सोयीची असते ती थेंबभर रक्तावर झटपट निदान करणारी किट. परंतु फॅल्सिपेरमसाठी वापरली जाणारी नेहमीची किट परजीवीने रक्तात सोडलेले एक प्रथिन शोधते, आणि परजीवी मेल्यानंतरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात टिकून राहते. तीन आठवड्यांपूर्वी पीएफचा उपचार झालेल्या माणसाला साध्या सर्दीचा ताप आला, तरी किटवर रेघ उमटू शकते. अशा वेळी रक्तनमुना काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा, कारण जिवंत परजीवी आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकच सांगतो. यकृतातील सुप्त परजीवी मात्र कोणतीही किट किंवा काचपट्टी दाखवत नाही. त्यामुळेच पीव्ही आढळला की यकृतात सुप्त परजीवी आहेत असे धरूनच चालावे लागते.

कालावधीचा निकष उपयोगी आहे, पण तो आंधळेपणाने वापरता येत नाही. क्लोरोक्विन रक्तात बरेच दिवस रेंगाळते आणि त्या काळात यकृतातून उतरलेल्या परजीवींना दाबून ठेवते. म्हणून क्लोरोक्विन नीट घेतलेल्या रुग्णात व्हायवॅक्स बहुधा महिन्यानंतरच उलटतो. पीव्हीचा ताप त्याआधीच, दोन-तीन आठवड्यांत परतला, तर तो रक्तातच उरला असण्याची शंका घ्यावी, गोळ्या खरोखर पोटात गेल्या होत्या का ते विचारावे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

चौदा दिवसांची खरी अडचण औषधशास्त्रात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप जातो, आणि बिनतापाच्या माणसाने रोज आठवणीने गोळ्या घेणे कोणालाही जड जाते. त्यातून स्लॅबचे काम संपले की ठेकेदाराची टोळी वाघोलीहून उंड्रीला किंवा थेट दुसऱ्या शहरात जाते. कोरियन युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना बोटीवरच चौदा दिवस प्रायमाक्विन दिले गेले होते; तेथे रुग्ण कुठे जाणार नव्हता. आपल्या सेविकेजवळ बोट नसते, मोबाईल नंबर आणि मुकादम असतो. म्हणून पहिल्याच दिवशी गावाचा पत्ता, मुकादमाचा नंबर आणि पुढच्या कामाचे ठिकाण लिहून घ्यावे, आणि भेटीच्या वेळी रिकामी पाकिटे पाहावीत.

गोळी उपाशीपोटी देऊ नये. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बाळे यांना प्रायमाक्विन देत नाहीत. काही व्यक्तींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, आणि त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू लागतात. लघवी काळसर झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला, तर गोळी तेथेच थांबवून दवाखान्यात यायचे, हे पहिल्या गोळीच्या आधीच रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

आता तिसरी शक्यता, जी या दोघांच्या मधून निसटते : ताप उलटलेलाही नसतो आणि उरलेलाही नसतो, तर नव्याने लागलेला असतो. शहरातील हिवतापाचा डास ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्यांत, हौदांत, काँक्रीटवर साठवलेल्या पाण्यात आणि लिफ्टच्या खड्ड्यात वाढतो, म्हणजे मजुराच्या अंथरुणापासून काही पावलांवर. उलटलेल्या व्हायवॅक्सचा रुग्ण ताप चढण्याच्या सुमारासच डासाला लागण देऊ शकतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर असा एक रुग्ण व अशी एक टाकी जवळजवळ असली की पुढचे रुग्ण खरोखर नवे असतात.

तेव्हा वाघोलीच्या त्या मजुराला विचारण्याचे प्रश्न असे : मागच्या वेळी कोणत्या जातीचा निघाला होता, कागद आहे का, गोळ्या किती दिवस घेतल्या, मध्ये गावी जाऊन आलात का, खोलीत आणखी कोणाला ताप आहे का. समजा तो म्हणाला, "कागद हा घ्या, पीव्ही लिहिलंय, तीन दिवस घेतल्या, मग बरं वाटलं." तरी रक्तनमुना घ्यायचाच. पुन्हा पीव्ही निघाला, तर क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विनचे चौदा दिवस आता पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्याच फेरीत इमारतीच्या टाकीचे झाकणही पाहायचे असते.