हीट पाइप (उष्णतानलिका)

हीट पाइप : दोन्ही टोके बंद केलेली, आतील हवा काढून टाकलेली आणि थोडासा द्रव भरलेली धातूची नळी. एका टोकाला मिळालेली उष्णता ती दुसऱ्या टोकाला अतिशय जलद आणि तापमानात फारशी घट न होता पोहोचवते. तिच्यात फिरणारा भाग नाही, पंप नाही आणि तिला वीज लागत नाही. लॅपटॉप उघडला की प्रोसेसरवरून पंख्याकडे जाणारी तांब्याची चपटी पट्टी दिसते, ती बहुतेक वेळा हीट पाइपच असते. पट्टी भरीव आहे असे वाटते, पण ती आतून पोकळ असते.

उष्णता वाहून नेण्यात तांबे आधीच पटाईत आहे. तरीही ६ मिमी व्यासाच्या आणि २० सेंमी लांबीच्या भरीव तांब्याच्या सळईतून ३० वॅट उष्णता न्यायची म्हटली, तर दोन टोकांच्या तापमानात ५०० अंश सेल्सिअसहून अधिक फरक ठेवावा लागेल. एवढा फरक पडण्याच्या कितीतरी आधी चिप जळून जाईल. त्याच मापाच्या हीट पाइपला हेच काम करायला काही अंशांचा फरक पुरतो. वजनातही ती सळईपेक्षा हलकी पडते.

कार्यपद्धती

नळीचे जे टोक गरम वस्तूला टेकलेले असते तेथे आतील द्रवाची वाफ होते. वाफ होताना द्रव जी उष्णता शोषतो ती सुप्त उष्णता. सारा खेळ हिच्यावर चालतो. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४.२ जूल लागतात. १०० अंशांवरील त्याच १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे २,२५७ जूल लागतात. गरम टोकाकडे वाफेचा दाब किंचित वाढतो, म्हणून वाफ थंड टोकाकडे धावते. तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता ती भिंतीला देऊन टाकते. वरच्या उदाहरणातले ३० वॅट वाहून नेण्यासाठी मिनिटाला साधारण पाऊण ग्रॅम पाण्याची वाफ झाली की भागते. संगणकातील नळीत म्हणूनच चमचाभरही पाणी नसते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहते.

पाणी तर १०० अंशांना उकळते, मग ५० अंशांच्या चिपवर वाफ कशी होईल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नळीत हवा नसते, असते फक्त पाणी आणि त्याचीच वाफ. त्यामुळे आतला दाब तापमानाप्रमाणे आपोआप ठरतो. ५० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक अष्टमांश असतो, आणि त्या दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदूही ५० अंशच असतो. द्रव सतत वाफ होण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो; एका टोकाला थोडी उष्णता मिळाली की पुरे.

राहिला परतीचा प्रवास. थंड टोकाला जमलेला द्रव गरम टोकाकडे परत आला नाही तर नळी काही सेकंदांतच कोरडी पडेल. हे काम नळीच्या आतील अस्तर करते. या अस्तराला वात म्हणतात आणि ती वागतेही समईच्या वातीसारखीच : तेल जसे वातीतून ज्योतीकडे चढते तसा द्रव केशाकर्षणाने तापलेल्या भागाकडे ओढला जातो. वात बनवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. तांब्याची भुकटी नळीत भरून भट्टीत तापवली की कण एकमेकांना चिकटून सच्छिद्र थर तयार होतो. हा थर बारीक छिद्रांचा असल्याने द्रवाला गुरुत्वाच्या विरुद्धही काही प्रमाणात खेचू शकतो, म्हणून लॅपटॉपमध्ये त्याचा वापर जास्त. दुसरी रीत तारेच्या जाळीची. तिसरी, भिंतीलाच लांब खाचा पाडण्याची. खाचांतून द्रव सहज वाहतो पण वर चढत नाही, त्यामुळे वजनरहित अवस्थेतील उपग्रहांना ही रचना मानवते.

द्रवाची निवड तापमानावर अवलंबून असते. संगणकासाठी पाणी आणि तांबे ही जोडी जवळजवळ ठरलेली आहे. उपग्रहांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत अमोनिया भरतात, कारण तो उणे ७८ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. इस्रोच्या उपग्रहांतही अशा नळ्या असतात. शेकडो अंशांच्या वर पोटॅशियम, सोडियम, लिथियम असे वितळलेले धातू लागतात. अतिशीत उपकरणांसाठी नायट्रोजन किंवा हेलियम वापरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत पाणी मात्र भरता येत नाही. दोघांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार होतो, हा वायू थंड टोकाला साठून वाफेची वाट अडवतो आणि नळी हळूहळू निकामी होते.

हीट पाइप स्वतः काहीही थंड करत नाही. ती उष्णतेची जागा बदलते. पुढे ती हवेत सोडण्याचे काम पत्र्यांच्या पंखांना आणि पंख्यालाच करावे लागते. जाहिरातींत हिला 'लिक्विड कूलिंग' म्हणतात तेव्हा ही बाब झाकली जाते. पंख्यात धूळ अडकलेली असेल तर उत्तमातली उत्तम नळीही उपयोगाची नाही.

तिच्या क्षमतेला मर्यादाही आहेत. वातीला द्रव जितक्या वेगाने परत आणता येतो त्याहून जलद वाफ होऊ लागली की गरम टोक कोरडे पडते. रोजच्या वापरात आड येणारी मर्यादा बहुधा हीच. शिवाय उष्णता फार तीव्र असेल तर वातीतच बुडबुडे धरतात, वाफेचा झोत परतणाऱ्या द्रवाचे थेंब उलट दिशेला उडवून नेऊ शकतो, आणि वितळलेल्या धातूंच्या नळ्यांत सुरुवातीला वाफेचा वेग ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतो.

पेटंटांचा इतिहास

वाफेच्या बंद नळीने उष्णता नेण्याची कल्पना १९ व्या शतकातली. मूळचे मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टचे आणि पुढे लंडनला स्थायिक झालेले जेकब पर्किन्स यांनी १८३६ मध्ये अशा नळीचे ब्रिटिश पेटंट घेतले. वाफ दाबून चालणाऱ्या शीतयंत्राचे १८३४ चे पेटंटही याच गृहस्थांचे. पर्किन्स नळीत वात नव्हती. द्रव गुरुत्वानेच खाली येई, त्यामुळे तापणारे टोक खाली ठेवावे लागे. पाव भाजण्याच्या भट्ट्यांत या नळ्या पुष्कळ वापरल्या गेल्या.

वातीची भर घातली रिचर्ड गॉगलर यांनी. ते अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे जनरल मोटर्ससाठी काम करत. मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा येथे काय संबंध, असे वाटेल. पण फ्रिजिडेअर हा रेफ्रिजरेटरचा व्यवसाय तेव्हा जनरल मोटर्सच्याच मालकीचा होता. गॉगलर यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. शीतपेटीतली उष्णता खाली ठेवलेल्या बर्फाकडे न्यायची होती, म्हणजे द्रवाची वाफ वर व्हायला हवी आणि तिचा पुन्हा द्रव व्हायला हवा खाली. मग द्रव पुन्हा वर कोण चढवणार? त्यांनी उत्तर दिले : सच्छिद्र धातूची वात, जी कोणतेही बाहेरचे काम खर्च न करता द्रव वर खेचेल. अर्ज डिसेंबर १९४२ मध्ये दाखल झाला आणि २३,५०,३४८ क्रमांकाचे पेटंट ६ जून १९४४ रोजी मंजूर झाले. दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तो हाच दिवस. त्या दिवशी पेटंटांच्या यादीकडे कोणाचे लक्ष गेले नसेल तर नवल नाही, पण पुढच्या वर्षांतही कोणी पाहिले नाही. रेफ्रिजरेटरसाठी इतर उपाय पुरेसे होते, कंपनीने कल्पना बाजूला ठेवली आणि कागद तसाच पडून राहिला.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे होती. गॉगलर यांचा हक्क त्यामुळे १९६१ मध्ये संपला. गरज उभी राहिली ती त्यानंतर. १९६२ मध्ये लॉइड ट्रेफेथन यांनी अवकाशयानांत वातीने द्रव खेचण्याचा विचार मांडला, आणि १९६३ मध्ये न्यू मेक्सिकोतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी गॉगलर यांच्यापासून स्वतंत्रपणे तीच रचना शोधली. त्यांना अवकाशात वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्टीतून उष्णता बाहेर काढायची होती, तीही पंपाशिवाय. आधी पाण्यावर आणि मग सोडियमवर, सुमारे ११०० केल्व्हिन तापमानाला, त्यांच्या नळ्या चालल्या. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या वतीने डिसेंबर १९६३ मध्ये अर्ज झाला; ३२,२९,७५९ क्रमांकाचे पेटंट जानेवारी १९६६ मध्ये मिळाले. 'हीट पाइप' हे नाव ग्रोव्हर यांचेच. १९६४ मध्ये त्यांनी टी. पी. कॉटर आणि जी. एफ. एरिक्सन यांच्यासह शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी कॉटर यांनी नळीच्या क्षमतेचे गणित मांडले. पेटंटाच्या क्रमाने पाहिले तर शोधाचा मान गॉगलर यांचा. पण कोणत्या नळीत किती उष्णता मावेल हे आधी सांगता येऊ लागले ते लॉस अ‍ॅलामॉसच्या कामामुळे, आणि अभियंत्यांना कल्पनेइतकीच त्या आकड्यांची गरज होती.

त्यानंतर प्रसार झपाट्याने झाला. एप्रिल १९६७ मध्ये पाण्याच्या नळीची अवकाशात चाचणी झाली आणि जानेवारी १९६८ मध्ये सोडलेल्या जिऑस-२ उपग्रहात तापमान सम राखण्यासाठी हीट पाइप बसवले गेले. ज्या अणुभट्टीसाठी ग्रोव्हर यांनी खटाटोप केला तिला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. मार्च २०१८ मध्ये नेवाडात नासा आणि लॉस अ‍ॅलामॉस यांनी 'क्रस्टी' ही छोटी भट्टी २८ तास चालवली, तेव्हा तिची उष्णता इंजिनांपर्यंत नेली ती सोडियमच्या हीट पाइपांनी.

अलास्कातील उपयोग

जमिनीवरचा एक फार मोठा उपयोग इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित नाही. १९७७ मध्ये सुरू झालेली अलास्काची तेलवाहिनी सुमारे १,२८७ किमी लांब असून तिचा निम्म्याहून अधिक भाग खांबांवरून जातो. तेथील माती कायम गोठलेली असते. ती वितळली तर खांब खचतात, आणि वाहिनीतले तेल तर गरम. म्हणून खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या रोवल्या; त्यांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. हिवाळ्यात हवा मातीपेक्षा थंड असते, तेव्हा खालच्या टोकाला अमोनियाची वाफ होते, वर जाऊन पत्र्यांच्या पंखांपाशी तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो गुरुत्वाने खाली येतो. मातीतली उष्णता अशी उपसली जाते. उन्हाळ्यात वरचे टोक गरम होते, पण द्रव खाली असल्यामुळे चक्र बंद पडते आणि बाहेरची उष्णता आत शिरत नाही. एकाच दिशेने चालणारी ही झडप कोणाला उघडावी लागत नाही की मिटावी लागत नाही. यांत वातही नसते. म्हणजे तत्त्व पर्किन्सचे, द्रव वेगळा.

संगणक आणि नंतरचे प्रकार

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून लॅपटॉपचे प्रोसेसर इतके तापू लागले की त्यांच्या माथ्यावर पंखा बसवायला जागा उरेना. उष्णता कडेला नेणे भाग पडले आणि हीट पाइप घरोघरी पोहोचला. एनईसी कंपनीने २०१३ मध्ये तो स्मार्टफोनमध्ये आणला. पातळ फोनांत आता नळीऐवजी व्हेपर चेंबर ही बंद चपटी डबी वापरतात. तिच्यात वाफ लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना पसरते, त्यामुळे एका बिंदूची उष्णता पूर्ण पाठीवर वाटली जाते. नळी असो वा डबी, भोक पडून आत हवा शिरली की ती संपली. दुरुस्ती होत नाही, बदलावीच लागते.

मूळ रचनेवर पुढेही पेटंटे निघाली. सोव्हिएत संघात उरल भागातील गेरासिमोव आणि मायदानिक यांनी १९७२ मध्ये वाफेची आणि द्रवाची वाट वेगळी करणारा वळसा तयार केला. त्यात वात फक्त गरम टोकाशी असते, म्हणून द्रव लांबवर आणि अधिक उंचीवर खेचता येतो. जपानच्या हिसातेरू आकाची यांना १९९० मध्ये अमेरिकन पेटंट मिळालेल्या प्रकारात तर वातच नाही : नागमोडी बारीक नळीत द्रवाचे तुकडे आणि वाफेचे बुडबुडे एकाआड एक असतात आणि उष्णतेमुळे ते सतत पुढेमागे हेलकावतात. दिसायला हा सर्वांत सोपा प्रकार, पण बुडबुड्यांचे हेलकावे आधी हिशेब करून सांगणे अवघड असते. नळीला किती वळणे द्यायची आणि तिच्यात किती द्रव भरायचा, हे बहुतेक वेळा प्रयोग करूनच ठरवले जाते.