व्हेपची तक्रार: कोटपा लावायचा की 2019 चा कायदा?

"शाळेपासून 100 यार्डांच्या आत व्हेप विकतात, कारवाई व्हावी." अर्ज असा लिहिला की तिथेच चूक होते. 100 यार्डांची अट सिगारेटची आहे, व्हेपची म्हणजे ई-सिगारेटची नाही.

सिगारेट, बिडी, तंबाखू 2003 च्या कायद्यात येतात. त्यालाच कोटपा म्हणतात. त्यांची विक्री चालते, पण अटींवर: 18 वर्षांखालच्याला विकायचं नाही आणि शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत विकायचं नाही. अट मोडली तर दंड 200 रुपयांपर्यंत. (खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, प्रकरण वेगळंच, तो अन्न सुरक्षा कायद्याखाली पकडतात.)

व्हेपला मात्र 2019 चा ई-सिगारेट बंदी कायदा लागतो. त्यात अंतर नाही, वय नाही. नागपुरात धरमपेठेत शिकवणी वर्गाच्या दारात विकला काय, वर्धा रोडवर चाळिशीच्या गिऱ्हाइकाला विकला काय, गुन्हा तोच. कलम 4 खाली उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळं बंद. पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. अर्जात 100 यार्ड लिहिलेत की विक्रेत्याला टेप घेऊन वाद घालायची सोय आपणच करून देतो.

"यात निकोटीन नाही, नुसता फ्लेवर आहे," हेही चालत नाही. पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करणारं उपकरण, निकोटीन असो वा नसो, व्याख्येत बसतं. ई-हुक्काही त्यातच. कोळशाच्या हुक्का पार्लरला मात्र कोटपातली महाराष्ट्राची 2018 ची दुरुस्ती लागते.

अर्जात विक्री स्पष्ट लिहा. कलम 4 चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय थेट गुन्हा नोंदवू शकतात. "गल्ल्याखाली माल ठेवतो" एवढंच लिहिलं तर प्रकरण कलम 5 च्या साठ्यावर येतं. तिथे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेल्याची नेमकी जागा, वार, वेळ, पाकिटावरचं नाव, मागितलेली किंमत आणि समोर दिसणाऱ्या मालाचा फोटो पुरे. पुरावा म्हणून स्वतः विकत घेऊ नका, उगाच आपण अडकतो. झडती-जप्तीचे अधिकार फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहेत. ते काम त्यांचं.

अर्ज ठाणेदाराला द्या, प्रतीवर शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर हीच माहिती टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. नागपूर शहरात त्या परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवा.

एक गोष्ट ठाणेदाराच्या हातात नाही. नुसता व्हेप ओढण्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. ती हवी असेल तर तक्रार नव्हे, निवेदन लिहावं लागतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला आलेले आमदार गाठणं सोपं, पण कायदा संसदेचा आहे. ते निवेदन खासदाराकडे न्या.