फोनची चिप तगडी, तरी गेम अडखळतो का?

स्मार्टफोनने हातातले गेम कन्सोल संपवले, असं 2012 च्या सुमाराला खरंच वाटत होतं. निन्टेन्डो कंपनीच्या डीएस या हातातल्या कन्सोलची विक्री 15 कोटींच्या वर गेली होती. 2011 मध्ये आलेला त्याचा वारसदार 3डीएस शेवटी त्याच्या निम्म्यावरच थांबला. पण निन्टेन्डोच्याच 2017 च्या स्विच या कन्सोलने पुन्हा 15 कोटींचा टप्पा ओलांडला, तोही 2015 ची टेग्रा एक्स1 चिप घेऊन! स्विचवरच खेळता येणारे खास गेम आणि खरीखुरी बटणं ही कारणं आहेतच. मला मात्र यातलं उष्णतेचं गणित फार आवडतं.

चिपमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि त्यात खर्च झालेली जवळजवळ सगळी वीज उष्णता बनते. हा खर्च वारंवारितेच्या (सेकंदाला किती वेळा चालू-बंद, त्याच्या) पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारंवारिता वाढवायची तर सहसा व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे खर्च जवळपास घनाच्या हिशेबाने चढतो. उलट दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवा: 0.8 × 0.8 × 0.8 = 0.512. वेग पाचव्या हिश्शाने घटला, उष्णता निम्म्यावर आली.

बहुतेक फोनांत पंखा नसतो. पातळ अंगातून ते जेमतेम काही वॅट उष्णता सतत बाहेर टाकू शकतात. सुरुवातीला चिप सुसाट पळते, मग अंग तापतं आणि तिला स्वतःला आवर घालावा लागतो. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. ती मर्यादा हुकली की गेम अडखळलाच.

स्विचमध्ये छोटा पंखा आहे, शिवाय प्रोसेसर मुळातच 1020 मेगाहर्ट्झवर बांधलेला आहे. टीव्हीला जोडल्यावर ग्राफिक्सचा भाग 768 मेगाहर्ट्झपर्यंत जातो. हातात घेतला की बराच खाली येतो. तासाभरानेही वेग तोच. गेम बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

म्हणून काही मिनिटांच्या बेंचमार्कचे (वेगाच्या चाचणीचे) आकडे पाहून हुरळू नका. 'फोन थंड करणारी' ॲप्स तर निव्वळ थाप आहे: ॲप फार तर इतर कामं बंद करील, उष्णता बाहेर काढू शकत नाही. फोन फ्रीजमध्ये ठेवणं त्याहून वाईट, आत दव धरतं.

पाच मिनिटांच्या फुकट गेमसाठी फोनच सोयीचा, त्यात वाद नाही. पण 2019 पासून काही गेमिंग फोनांतही आत पंखा बसवला जातो आहे.