पिंक फिल्म: कच्च्या फिल्मच्या फुटांत अडकलेली कला

जुनी जपानी पिंक फिल्म, म्हणजे छोट्या निर्मात्यांनी कमी पैशांत काढलेला शृंगारिक चित्रपट, पाहताना आधी खटकतात ते ओठ. नटी बोलायची थांबते, तरी तिचा आवाज चालूच राहतो. दिग्दर्शकाला काही येत नव्हतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं. पण दिग्दर्शक योजिरो ताकिता याच धंद्यात घडले आणि २००९ मध्ये त्यांच्या ‘ओकुरीबितो’ला ऑस्कर मिळालं. उणिवांचं मूळ शोधायचं ते हिशेबाच्या वहीत.

१९५८ मध्ये जपानी थिएटरांत ११२ कोटींवर तिकिटं खपली. १९६३ मध्ये जेमतेम ५१ कोटी. टीव्ही घराघरांत पोचला होता. तिथे दिसणार नाही असं काहीतरी थिएटरांना हवं होतं. १९६२ मध्ये सातोरू कोबायाशींचा ‘निकुताई नो इचिबा’ आला आणि छोट्या निर्मात्यांची रीघ लागली. एका खेळात तीन चित्रपट दाखवायचे, म्हणून प्रत्येक साधारण तासाभराचा. खर्च ३० लाख येनच्या आसपास, चित्रीकरण तीन-चार दिवस.

३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे तासाभराला ५,४०० फूट. प्रत्येक शॉट दोनदा घेतला की १०,८०० फूट निगेटिव्ह, धुलाई वेगळी. त्यामुळे रीटेक शक्यतो नाहीच. सेटवर आवाज घेतच नसत. संवाद मागाहून डब व्हायचे. नटानं शब्द बदलला असेल तर ओठ फसलेच. बोलणाऱ्याला पाठमोरा बसवला, की निदान ही चूक झाकली जाते.

साठच्या दशकातली ‘पार्ट कलर’ची युक्ती तर कथेच्या मुळावरच आली. रंगीत फिल्म महाग, म्हणून चित्रपट कृष्णधवल आणि शृंगाराचे प्रसंग तेवढे रंगीत. बाई दारातून आत येते तेव्हा करडी. पलंगाशी पोचते तोच उशी लालभडक. प्रेक्षक त्या क्षणी कथेतून बाहेर पडतो. शिवाय रंगीत फिल्मला उजेड जास्त लागे. असलेले दोन-चार दिवे समोरून मारले, की चेहरा सपाट आणि मागच्या भिंतीवर काळी सावली.

१९७१ मध्ये निक्कात्सु स्टुडिओनं ‘रोमन पोर्नो’ ही शृंगारिक चित्रपटांची मालिका सुरू केली: चित्रपटामागे सुमारे ७५ लाख येन, स्वतःचे सेट, मुरलेले तंत्रज्ञ, पूर्ण रंगीत. चित्र लगेच सुधारलं. पटकथा मात्र तिथेही ठरावीक मिनिटांनी येणाऱ्या शृंगाराला बांधलेली. मधल्या जागेत पात्र उभं करणं ज्यांना जमलं नाही, त्यांच्या चित्रपटांत माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यापुरतीच जगतात.